बाईक पडल्यावर हँडल वाकडं झालंय? आधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात माझी बाईक वळणावर घसरली. मला फक्त खरचटलं, पण गाडी सरळ जात असताना हँडल डावीकडे वळलेलं दिसायचं. मला वाटलं, पुढचे शॉकअप वाकले, आता मोठा खर्च! प्रत्यक्षात ते क्लॅम्पमध्ये फक्त पिळले गेले होते. मेकॅनिकने एक्सल, मडगार्ड आणि क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून हँडल सरळ केलं आणि पुन्हा नीट कसले.

तुमची गाडी पडली, तर चालवण्याआधी हे बघा:

१. फोटो: इन्शुरन्स क्लेम करायचा असेल तर दुरुस्तीआधीच काढा.

२. ब्रेक: लिव्हर तुटलाय का, पाईपमधून ऑइल गळतंय का?

३. चाक: मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून फिरवा. मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर लगेच कळतं.

४. शॉकअप: पुढचा ब्रेक धरून हँडल तीन-चार वेळा खाली दाबा. अडकत असेल किंवा नळीवर ऑइल दिसलं, तर नळी वाकलेली किंवा सील गेलेलं असू शकतं.

५. स्टिअरिंग: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. मध्येच अडकलं, तर कोनसेट तपासून घ्या.

पिळलेला शॉकअप सरळ होतो, पण वाकलेली नळी ठोकून सरळ करू नका, बदलाच. ब्रेकमध्ये गडबड किंवा हँडलखाली चेसीला तडा दिसला तर गाडी टेम्पोतूनच गॅरेजला न्या.