वावटळीतील भाषणे (ईयोबाचा ग्रंथ)

वावटळीतील भाषणे म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथाचे अध्याय ३८ ते ४१. निरपराध असूनही सर्वस्व गमावलेला ईयोब देवाकडे जाब मागतो आणि देव वावटळीतून त्याला उत्तर देतो. या उत्तरात ईयोबाच्या दुःखाचे कारण कोठेही सांगितलेले नाही. त्याऐवजी समुद्र, गारा, निर्जन रान आणि माणसाला वश न होणारे प्राणी यांच्याविषयी प्रश्नांमागून प्रश्न येतात. निसर्गाच्या अनावर रूपात देवाचे सामर्थ्य प्रकट होते, या ख्रिस्ती विचाराचा हा भाग एक प्रमुख आधार मानला जातो. हा ग्रंथ यहुदी धर्मातही पवित्र असून हिब्रू बायबलच्या 'केतुवीम' या विभागात त्याचा समावेश होतो.

पार्श्वभूमी

ईयोबाच्या ग्रंथात ४२ अध्याय आहेत. ग्रंथकर्ता अज्ञात आहे. बहुतेक अभ्यासक ग्रंथाचा रचनाकाळ इ.स.पू. ६ वे ते ४ थे शतक असा मानतात. आरंभीचे दोन अध्याय आणि शेवटचा भाग गद्यात असून मधला विस्तृत संवाद पद्यात आहे.

कथेनुसार ईयोब हा ऊस देशातील सात्त्विक व संपन्न गृहस्थ होता. एकाच दिवशी त्याची गुरे, मेंढ्या, उंट आणि चाकर नाहीसे होतात. शेवटी रानाकडून आलेल्या प्रचंड वाऱ्याने घर कोसळून त्याची दहाही मुले मरण पावतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र त्याच्या सांत्वनासाठी येतात. परंतु दुःख हे पापाचेच फळ असते, असा त्यांचा आग्रह राहतो. ईयोब ते नाकारतो व देवानेच समोर येऊन उत्तर द्यावे, अशी मागणी करतो. त्यानंतर अलीहू नावाचा तरुण बोलतो आणि त्याच्या भाषणाच्या अखेरीस मेघगर्जना व विजांचे वर्णन येते. पुढचे बोलणे देवाचे आहे.

मुलांचा घात वाऱ्याने केला आणि देवही वावटळीतूनच बोलला, ही बाब वाचकांच्या लक्षात येण्याजोगी आहे. मूळ हिब्रूमध्ये या दोन ठिकाणी शब्द वेगळे आहेत: पहिल्या प्रसंगी 'रुआख' (वारा, श्वास, आत्मा) आणि दुसऱ्या प्रसंगी 'सआरा' (वादळ, तुफान). संवादात देवासाठी मुख्यतः 'एल', 'एलोआह' व 'शद्दाय' ही नामे येतात. वावटळीच्या प्रसंगी मात्र इस्राएलाच्या देवाचे खास नाव, ज्याचे मराठी बायबलात 'परमेश्वर' असे भाषांतर होते, ते पुन्हा येते.

आशय

पहिले भाषण (अध्याय ३८–३९) सृष्टीच्या आरंभापासून सुरू होते. पृथ्वीचा पाया घातला गेला तेव्हा ईयोब कोठे होता, असा पहिला प्रश्न आहे. समुद्राचे वर्णन नुकत्याच जन्मलेल्या बालकासारखे केले आहे: ढग हे त्याचे वस्त्र, दाट अंधार हे त्याचे बाळुते. त्याच समुद्राला दारे व अडसर लावून मर्यादाही घातलेली आहे. म्हणजे समुद्राचा उन्मत्तपणा नष्ट केलेला नाही. तो सांभाळलेला आणि आवरलेला आहे. पुढे पहाट, हिम व गारांची भांडारे, कृत्तिका आणि मृग नक्षत्र यांचे उल्लेख येतात.

याच भाषणात माणसाची वस्ती नसलेल्या रानावर पडणाऱ्या पावसाचा उल्लेख आहे. त्या पावसाने कोणाचे शेत पिकत नाही. तरीही तेथे गवत उगवावे यासाठी तो पडतो. शेतीसाठी पावसाची वाट पाहणाऱ्या समाजाच्या ग्रंथात हा विचार लक्षणीय ठरतो. सृष्टीचे मोल माणसाच्या उपयोगावर अवलंबून नाही, या अर्थविवेचनाचा तो मुख्य आधार आहे.

प्राण्यांच्या मालिकेत सिंह, कावळा, रानबकरी, हरिणी, रानगाढव, रानबैल, शहामृग, युद्धातला घोडा, ससाणा आणि गरुड येतात. यांपैकी घोडा वगळता एकही प्राणी पाळीव नाही आणि घोड्याचे वर्णनही रणात बेभान होणारे जनावर असे आहे. रानगाढव नगरातील गोंगाटाला हसते. रानबैल गव्हाणीजवळ मुक्काम करीत नाही. सृष्टीतील क्रौर्य झाकलेले नाही. सिंहाला शिकार मिळते, गरुडाची पिल्ले रक्त पितात, शहामृगी आपली अंडी पायाखाली तुडवली जातील याची पर्वा करीत नाही. याबरोबरच कावळ्याच्या भुकेल्या पिल्लांची हाक ऐकली जाते आणि रानबकरीच्या गर्भाचे महिने मोजले जातात.

दुसऱ्या भाषणात (अध्याय ४०–४१) बेहेमोथ आणि लिव्याथान या दोन महाकाय प्राण्यांचे वर्णन आहे. बेहेमोथ हा पाणघोडा आणि लिव्याथान ही मगर असावी, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ते प्राचीन पश्चिम आशियातील पुराणकथांमधील अराजकाचे प्राणी आहेत. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून सापडलेल्या उगारिती लेखांत लिव्याथानाशी नामसाम्य असलेला सर्पाकार शत्रू आढळतो. तेथे देव त्याचा वध करतो. ईयोबाच्या ग्रंथात मात्र परमेश्वर त्याच्या अंगोपांगांचे कौतुकाने वर्णन करतो. बेहेमोथाला ईयोबाबरोबरच निर्माण केले, असेही तेथे म्हटले आहे. त्यामुळे माणूस व हे जनावर एकाच निर्मात्याच्या कृती म्हणून शेजारी उभे राहतात.

ईयोबाचा प्रतिसाद

पहिल्या भाषणानंतर ईयोब तोंडावर हात ठेवून गप्प राहतो. दुसऱ्या भाषणानंतर तो म्हणतो की, आजवर देवाविषयी केवळ ऐकले होते, आता त्याला प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या अखेरच्या वाक्याचा (४२:६) अर्थ वादग्रस्त आहे. तेथील हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'पश्चात्ताप करणे', 'विचार बदलणे' आणि 'सांत्वन पावणे' असाही होतो. त्यामुळे ईयोब शरण जातो की शांत होतो, याचा निर्णय भाषांतरकारावर पडतो. यानंतर परमेश्वर मित्रांना दोष देतो व ईयोबच आपल्याविषयी योग्य बोलला, असे सांगतो.

बायबलमधील संबंधित उतारे

स्तोत्र २९ मध्ये लबानोनाचे गंधसरू मोडणारे वादळ हा परमेश्वराचा आवाज मानला आहे. स्तोत्र १०४ मध्ये लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी निर्मिलेला आहे, तर स्तोत्र ७४ मध्ये देव त्याची मस्तके ठेचतो. १ राजे या पुस्तकात (अध्याय १९) वेगळी बाजू दिसते: होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर वारा, भूकंप आणि अग्नी येतात, परंतु परमेश्वर त्यांत नसतो, त्यांच्यानंतर मंद वाणी ऐकू येते. यामुळे निसर्गाची शक्ती म्हणजेच देव, असे समीकरण ख्रिस्ती धर्मविचारात मांडले जात नाही. निसर्ग हा निर्मात्याची साक्ष मानला जातो. नव्या करारात येशू गालील समुद्रावरील वादळ शांत करतो (मार्क ४). तेव्हा वारा व समुद्रही ज्याचे ऐकतात असा हा कोण, असा प्रश्न शिष्यांना पडतो.

अर्थविवेचनाची परंपरा

सहाव्या शतकात पोप ग्रेगरी पहिला याने या ग्रंथावर ३५ भागांचे भाष्य लिहिले. त्यात लिव्याथान हे सैतानाचे रूपक आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने शब्दशः अर्थावर भर देत बेहेमोथाला हत्ती व लिव्याथानाला देवमासा मानले, तरी सैतानाचे रूपकही कायम ठेवले. जॉन कॅल्व्हिनने १५५४–५५ मध्ये जिनिव्हा येथे ईयोबावर १५९ प्रवचने दिली.

एडमंड बर्कने १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उदात्ततेवरील ग्रंथात युद्धाश्व, रानगाढव व लिव्याथान ही उदाहरणे घेतली. उपयोगी पडणाऱ्या बळाने नव्हे, तर माणसाच्या इच्छेला न जुमानणाऱ्या बळाने उदात्ततेचा अनुभव येतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये भय व ओढ एकाच वेळी निर्माण करणाऱ्या पवित्रतेच्या अनुभवाची मांडणी केली आणि त्यासाठी या अध्यायांची चर्चा केली. विल्यम ब्लेकच्या ईयोबविषयक कोरीव चित्रमालिकेत वावटळ तसेच बेहेमोथ व लिव्याथान यांची स्वतंत्र चित्रे आहेत.

आक्षेप

या भाषणांवरील मुख्य आक्षेप असा की, न्यायाच्या प्रश्नाला येथे सामर्थ्याचे उत्तर मिळते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन येथे झालेल्या भूकंपात उपासनेसाठी जमलेले अनेक लोक चर्चमध्येच दगावले. त्यानंतर निसर्गाच्या संहारातून देवाचे कोणते गुण दिसतात, हा वाद युरोपात तीव्र झाला. व्हॉल्तेरने या आपत्तीवर दीर्घ कविता लिहिली. कार्ल युंगने १९५२ च्या आपल्या पुस्तकात ईयोब हा नैतिकदृष्ट्या देवापेक्षा वरचढ ठरतो, असे मत मांडले.

याला दिले जाणारे उत्तर असे की, भाषणांत ईयोबावर पापाचा आरोप ठेवलेला नाही. प्रत्येक आपत्तीमागे कोणाचा तरी अपराध शोधणारे मित्रच ग्रंथाच्या शेवटी दोषी ठरतात. त्यामुळे वादळ, पूर किंवा भूकंपात सापडलेल्यांना दोष देण्यासाठी या ग्रंथाचा आधार घेता येत नाही.

पर्यावरणविचार

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला इतर प्राण्यांवर सत्ता दिलेली आहे. वावटळीतील भाषणांत माणूस जवळजवळ अनुपस्थित आहे. हा विरोध लक्षात घेऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ख्रिस्ती पर्यावरणचिंतनात या भागाला महत्त्व आले. अमेरिकन लेखक बिल मॅककिबन यांचे १९९४ मधील पुस्तक याच भाषणांवर आधारलेले आहे. सृष्टी स्वतःसाठीही मोलाची आहे, हा विचार पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातही आढळतो.

मराठी अनुवाद

प्रचलित मराठी बायबलात 'सआरा' या शब्दासाठी 'वावटळ' हा शब्द येतो. मराठीत वावटळ म्हणजे उन्हाळ्यात धूळ उडवत फिरणारा वारा; हिब्रू शब्दाची व्याप्ती मोठ्या वादळापर्यंत जाते. एलीयाला स्वर्गात नेणाऱ्या वादळासाठीही मूळात हाच शब्द आहे. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्ती मिशनकडून प्रसिद्ध झाले.