बारा प्रेषित आणि दारूचे माप

बारा प्रेषितांची नावे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले एका दमात म्हणून दाखवितात. युरोपात एके काळी बंदुकीच्या दारूच्या बाटल्याही याच नावाने ओळखल्या जात, हे प्रथम वाचले तेव्हा मी दचकलो. सतराव्या शतकातील बंदूकधारी शिपाई खांद्यावरून तिरका चामडी पट्टा घेई. त्याला लहान लाकडी बाटल्या लोंबत आणि प्रत्येकीत एका बारापुरती मोजलेली दारू असे. बाटल्या नेहमी बाराच असत असे नाही आणि हे नावही बहुधा मागाहून पडले. शस्त्राला पवित्र नाव देण्याची हौस मला रुचत नाही. तथापि त्या बाटलीमागील कल्पना विचार करण्याजोगी आहे.

शिंगातून अंदाजाने दारू ओतली की ती कधी कमी पडे, कधी जास्त. कमी पडली तर गोळी अलीकडेच पडे, जास्त पडली तर नळी फुटून बंदूकधाऱ्याचाच घात होई. म्हणजे नेम आणि जीव या दोन्ही गोष्टी एकाच मापावर अवलंबून होत्या. ते माप लढाईच्या धांदलीत नव्हे, तर आधी, शांतपणे घ्यावे, हे या बाटल्यांनी प्रथम शिकविले. याकोब द खेन या डच चित्रकाराचे १६०७ साली हेग येथे निघालेले कवायतीचे पुस्तक पाहावे. त्यात ११७ चित्रे असून ४३ चित्रे केवळ मस्केट भरण्याच्या व उडविण्याच्या कृतींना दिली आहेत.

परंतु तोड्याच्या बंदुकीत पेटती वात हातातच असे. आयर्लंडमधील सेनानी रॉजर बॉइल, अर्ल ऑफ ऑररी, याने १६७७ च्या आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात या पट्ट्याविषयी कडक तक्रार केली आहे. (क्रॉमवेलच्या बाजूने लढलेला हा गृहस्थ आपल्या लोकांचा मित्र नव्हता, पण निरीक्षण खरे असेल तर ते मान्य करावे.) एका बाटलीने पेट घेतला की सगळ्या पेटतात, शिपायासह शेजारीही भाजतो आणि रात्री बाटल्यांच्या खडखडाटाने शत्रू सावध होतो, असे त्याचे म्हणणे. त्याची पसंती कागदी काडतुसांच्या पेटीला होती.

कागदी काडतुसात दारू आणि गोळी एकाच पुडीत आली. पण पुडी दातांनी फाडून थोडी दारू रंजकासाठी बाहेरच्या कानात घालावी लागे व उरलेली नळीत जाई. घाईत कानात किती पडली आणि नळीत किती उरली, याचा नेम नसे. मोजलेले माप पुन्हा अंदाजावर आले. यातून सुटका केली ती एका धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्साइथ हे स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे प्रेस्बिटेरियन पाळक. रंजकाची ठिणगी दिसताच पक्षी उडून जातात, म्हणून त्यांनी आघाताने पेटणारे मिश्रण वापरून नवा खटका केला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. रविवारच्या प्रवचनातून त्यांना इतकी सवड कशी मिळे, याचे मला धर्मगुरू या नात्याने राहून राहून नवल वाटते. त्यांच्या मार्गाने पुढे तांब्याची टोपी आली आणि मोजलेली सगळी दारू नळीतच जाऊ लागली.

एन्फील्ड रायफलीच्या काडतुसात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम दारू असे. नळीच्या आतील पिळांत गोळी सुलभपणे उतरावी व काजळी साचू नये, यासाठी कागदाला चरबी लावीत. तांत्रिकदृष्ट्या ती नेमासाठीच होती. पण ज्याच्या दातांत ती पुडी जायची, त्या शिपायाच्या धर्मभावनेचा विचार कोणी केला नाही. १८५७ साली त्याचे काय झाले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

मग पितळी काडतूस आले. १८६६ साली अमेरिकन हायरम बर्डन व इंग्रज एडवर्ड बॉक्सर यांनी तळाशी टोपी बसविण्याच्या दोन पद्धती काढल्या. गंमत अशी की बर्डनची पद्धत युरोपात रूढ झाली आणि बॉक्सरची अमेरिकेत! बॉक्सरच्या रचनेत मध्यभागी एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी आतून सळईने ढकलून काढता येते. त्यामुळे तेच पितळी कवच पुन्हा भरता येऊ लागले. अमेरिकी सैनिक १८८० च्या दशकात सरावासाठी काडतुसे अशीच पुन्हा भरीत आणि त्या देशात हा नेमबाजांचा घरगुती छंदच झाला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो.

काळी दारू एका अर्थाने दयाळू होती. त्यांच्या सैन्याच्या काडतुसात ७० ग्रेन दारू बसे आणि कवच जवळजवळ भरून जाई. चुकून दुसरे माप ओतले तर ते सांडे. ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मे वजन. १८८४ साली पॉल व्हिए या फ्रेंच रसायनज्ञाने निर्धूर दारू सिद्ध केली आणि हा भोळा पहारेकरी गेला. तिच्या जोराच्या मानाने ती थोडकीच लागते. हलक्या बारात तर कवच निम्मेही भरत नाही आणि दुसरे माप निमूटपणे आत मावते. शिवाय दिसायला सारख्या दोन दारू निरनिराळ्या वेगाने जळतात. जुने अनुभवी शिकारी काळ्या दारूच्याच मापाने नवी दारू भरू लागले आणि त्यांच्या बंदुका फुटल्या. अनुभव नसता तर ते कदाचित वाचले असते.

म्हणून आजचा जाणता भरणारा डोळ्यांवर विसंबत नाही. तो तराजू लावतो, मेजावर एका वेळी एकच डबा ठेवतो, पुस्तकातील कमाल प्रमाणाच्या बऱ्याच खालून सुरुवात करतो आणि बुडाशी तडा दिसलेले कवच टाकून देतो. नेमासाठी प्रत्येक बार तंतोतंत सारखा हवा आणि जिवासाठीही तेच हवे. गोळ्या बसविण्यापूर्वी तो सगळी कवचे लाकडी फळीच्या खाचांत उभी करतो आणि दिवा धरून एकेकात डोकावतो. एखाद्यात दारू वर आलेली दिसली, की ते रिकामे करतो आणि पुन्हा तोलावयास बसतो.