माहूर : मठ व यात्रा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत, पैनगंगेच्या पलीकडे वसलेले प्राचीन क्षेत्र. प्रशासकीय दृष्ट्या ते नांदेड जिल्ह्यात मोडते. तथापि विदर्भातील बहुसंख्य यात्रेकरू धनोड्याजवळ नदी ओलांडून तेथे जातात. नदीने तीन बाजूंनी वेढलेला हा डोंगराळ व अरण्यमय भूभाग जवळजवळ द्वीपकल्पासारखा आहे. असे अलग पडलेले प्रदेश संन्याशांनी सर्वत्रच पसंत केलेले दिसतात. ईजियन समुद्रातील पॅटमॉस या लहानशा ग्रीक बेटावर संत योहानाला साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. तेथे ख्रिस्टोडूलॉस या ऑर्थोडॉक्स संन्याशाने बायझंटिन सम्राटाच्या सनदेने 1088 मध्ये मठ स्थापिला आणि बेटाचे धर्मजीवन त्या एका मठाभोवती केंद्रित झाले. माहूर मात्र कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन राहिले नाही.

येथील तीन शिखरे अनुक्रमे रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांच्या नावांनी ओळखली जातात. रेणुका हे महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. देवीचा शेंदूरचर्चित मुखवटा व कुटलेल्या तांबूलाचा प्रसाद प्रसिद्ध आहे. दत्तशिखरावरील मठ दशनामी गोसाव्यांच्या परंपरेतील असून दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, तेथे मोठी यात्रा भरते.

याच डोंगरांत महानुभाव पंथाचे देवदेवेश्वर हे स्थान आहे. दत्तात्रेय दिवसभर संचार करून रात्री निद्रेसाठी माहुरास येतात, या समजुतीशी ते निगडित आहे. महानुभावांचा दत्तात्रेय ब्रह्मा, विष्णू व महेश यांचे एकरूप नव्हे. तो परब्रह्माचा स्वतंत्र, एकमुखी अवतार होय. पंथाच्या परंपरेनुसार फलटणचे चांगदेव राऊळ (चक्रपाणी) माहुरास आले असता दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने प्रकट होऊन त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला. या घटनेचे स्थान मेरुवाळा तलावापाशी दाखविले जाते. चक्रपाणींकडून ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना व त्यांच्याकडून चक्रधरांना शक्ती प्राप्त झाली, असे पंथ मानतो. अर्थात पंथाच्या गुरुपरंपरेचे मूळ माहुरात आहे. चौदाव्या शतकातील रवळोव्यासांच्या ‘सह्याद्रवर्णन’ या काव्यातील सह्याद्री तो हाच. भूगोलातील सह्याद्रीशी त्याची गल्लत होऊ नये.

असे असूनही खुद्द चक्रधरांनी आपल्या शिष्यांना मातापूर (माहूर) व कोल्हापूर येथे जाण्याची मनाई केली होती. केसोबासांनी संकलित केलेल्या ‘सूत्रपाठा’त हा निषेध नमूद आहे. ही दोन्ही ‘साभिमान’ स्थाने आहेत, तेथील देवता आपल्या क्षेत्राविषयी अभिमानी असून साधकाच्या मार्गात विघ्न आणतात, असे त्याचे कारण दिले आहे. आदिगुरूचे निवासस्थान आणि संस्थापकाने वर्ज्य ठरविलेले क्षेत्र एकच असावे, ही पेचाची बाब होय. निषेधाचा रोख शक्तिपीठांवर आहे हे कोल्हापूरच्या उल्लेखावरून स्पष्ट होते. दत्तात्रेयाशी त्याचा संबंध दिसत नाही. शिवाय, अवतारांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेल्या जागा नमस्कारून फिरणे हे चक्रधरांनंतर अनुयायांचे प्रमुख साधन बनले. चक्रधरांच्या व गोविंदप्रभूंच्या वास्तव्याच्या जागा ‘स्थानपोथी’त बारकाईने नोंदल्या गेल्या, तेथे ओटे बांधले गेले आणि त्या जागांशी संबंध आलेले ‘संबंधी पाषाण’ही वंदनीय ठरले. विरहातून उपजलेल्या या ओढीपुढे जुना निषेध हळूहळू सौम्य झाला असावा. मात्र तो ग्रंथातून कोणी काढून टाकला नाही, ही गोष्ट पंथाच्या ग्रंथनिष्ठेची साक्ष देते. पंथीय पोथ्या सांकेतिक लिप्यांत असल्याने पंथाबाहेरील अभ्यासकांना हे सर्व विसाव्या शतकापर्यंत बहुतांशी अज्ञात होते. वि. का. राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केल्यानंतर संशोधनास गती मिळाली, वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाले.

राजकीय दृष्ट्या माहूरचा डोंगरी किल्ला बहमनी राज्यात महत्त्वाचा होता. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पैनगंगा ही त्यांच्या व निजामाच्या मुलखांमधील सीमा ठरली. वणी जिल्ह्याचे नाव 1905 मध्ये यवतमाळ झाले व पुसद तालुका त्यास जोडला गेला. या सीमेमुळे पुसदकडील भाविकास सुमारे शतकभर रेणुकेच्या किंवा दत्ताच्या दर्शनासाठी एक राज्य सोडून दुसऱ्यात जावे लागे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने ही सीमा नाहीशी झाली.

सर्वसामान्य यात्रेकरू तिन्ही शिखरे चढून देवदेवेश्वरासही जातो. देवताभक्ती वर्ज्य मानणारा उपदेशी महानुभाव मात्र मेरुवाळा व देवदेवेश्वर येथे दंडवत घालतो. रेणुकेचे दर्शन त्याच्या यात्रेचा भाग नसते.