घरगुती क्रीडासाहित्याची इंटरनेटवरून विक्री : उत्तरदायित्व आणि खासगीपणा

मेरठ, जालंधर आणि काश्मीरमधील अनंतनाग ही क्रीडासाहित्य निर्मितीची जुनी केंद्रे होत. त्यांच्या जोडीला आता घराच्या पडवीत किंवा गच्चीवर तयार होणारे साहित्यही इंटरनेटवरून विकले जाते. दोरीच्या मल्लखांबाचे दोर, बांबूची धनुष्ये, विणलेल्या जाळ्या, मुलांसाठी शिवलेले पॅड अशा वस्तूंना दूरदूरच्या राज्यांतून ग्राहक मिळतात. उद्योग लहान असल्याने मोठे कायदे आपल्याला लागू नाहीत, असा अनेक विक्रेत्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादनविषयक उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असून ते २० जुलै २०२० पासून अमलात आहे. वस्तू बनविणारा, तिचे भाग जुळविणारा, तसेच दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर स्वतःची मुद्रा उमटविणारा या सर्वांना हा कायदा उत्पादक मानतो. घाऊक बाजारातून शिरस्त्राणे आणून त्यांवर स्वतःचे नाव छापणारी व्यक्तीही त्यात येते.

दोरीच्या मल्लखांबाचे उदाहरण घेता येईल. विक्रेत्याने जाहिरातीत ‘शंभर किलो भार पेलतो’ असे लिहिले आणि दोर त्याहून कमी भाराने तुटून खेळाडू जखमी झाला, तर ते वाक्य हमी ठरते. हमी देताना आपण निष्काळजीपणा किंवा लबाडी केली नव्हती, हे सिद्ध केल्यानेही उत्पादकाची सुटका होत नाही. सदोष रचना आणि वापराच्या अपुऱ्या सूचना ही उत्तरदायित्वाची आणखी कारणे आहेत. ‘स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे’ एवढी एक ओळ छापून हे ओझे उतरत नाही. मात्र दोर कोठे व कसा बांधावा, तो केव्हा बदलावा, खाली गादी असावी, अशा नेमक्या सूचनांचा उपयोग होतो. वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा ग्राहकाने तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्याला बचाव उपलब्ध आहे.

तक्रारदार स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकतो. त्यामुळे साताऱ्याच्या विक्रेत्याला गुवाहाटीतील तक्रारीला उत्तर द्यावे लागणे शक्य आहे. एकल मालकीच्या व्यवसायात मालकाची वैयक्तिक मालमत्ता वेगळी राहत नाही, हेही येथे महत्त्वाचे. उत्पादन उत्तरदायित्वाचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. घरगुती विक्रेते मात्र त्याची चौकशीही क्वचितच करतात.

चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीची वस्तू ‘खेळणे’ ठरल्यास प्रश्न आणखी वाढतो, कारण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली आहे.

खासगीपणाचा प्रश्न निराळा, पण याच व्यवहारातून उद्भवणारा आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीही विक्रेत्याची ओळख ग्राहकापुढे मांडणे आवश्यक केले आहे. घर हेच कार्यस्थळ असेल, तर घराचा पत्ता अनोळखी ग्राहकांच्या हाती जातो. नोंदणीकृत विक्रेत्याचा पंधरा अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक तर पॅन उघड करतो : पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढील दहा स्थाने पॅनची. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यास कायदेशीर नाव व व्यवसायाचे ठिकाण कोणालाही दिसते.

खोटा किंवा अर्धवट पत्ता देणे हा यावरचा उपाय नव्हे. शक्य असल्यास व्यवसायाची नोंदणी वेगळ्या जागेवर करावी आणि दूरध्वनी व ई-मेल स्वतंत्र ठेवावेत. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी.

ग्राहकाची माहिती जपण्याची जबाबदारीही विक्रेत्यावरच येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. मापानुसार पॅड शिवणारा विक्रेता मुलांचे वय, उंची आणि शाळेचे नाव संगणकावर साठवीत असेल, तर अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या अशा माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरेल. पॅड शिवण्यासाठी शाळेचे नाव मुळात लागत नाही.