चोरीच्या मालाची किंमत कोण ठरवतं?

आज आपण अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये, ओल्ड बेली न्यायालयात जाऊ. लंडन शहर आणि शेजारच्या मिडलसेक्स परगण्यातले चोरीचे गंभीर खटले इथे चालत. इंग्रजी कायद्यात अशा गंभीर गुन्ह्याला 'फेलनी' म्हणत.

कायदा काय सांगत होता? १६९९ च्या कायद्यानुसार दुकानातून गुपचूप ५ शिलिंगांचा माल चोरला, तर फाशी. १७१३ च्या कायद्यानुसार राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी केली, तरी फाशी. आता प्रत्यक्ष निकाल पाहू. ओल्ड बेलीच्या नोंदींमध्ये एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ३९ शिलिंग. माल उघडउघड जास्त किमतीचा असायचा, पण ज्युरी म्हणायची, चोरी झाली खरी, मात्र ३९ शिलिंगांची! म्हणजे गुन्हा सिद्ध, पण फाशी टळली. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याला 'पुण्यशील खोटी शपथ' अशा अर्थाचं नाव दिलं. १७१८ च्या कायद्यामुळे दुसरी वाट खुली होतीच. अशा दोषींना सात वर्षांसाठी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवलं जाई.

आपल्याला वाटेल, किती दयाळू माणसं ही! पण ही दया सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. खटला बहुधा काही मिनिटांत उरके. आरोपीजवळ वकील क्वचितच असे, आणि असला तरी फेलनीच्या खटल्यात त्याला ज्युरीपुढे भाषण करायची मुभा १८३६ मध्ये मिळाली. मग आधार कशाचा? चांगल्या वर्तनाची ग्वाही देणाऱ्या शेजाऱ्याचा, मालकाचा. शहरात नव्याने आलेल्या, कुणीच ओळखीचं नसलेल्या मोलकरणीने काय करायचं? किंमत मालाची ठरवली जात होती, पण तोलला जात होता माणूस.

पुढे फाशीचे हे कायदे एकेक करून गेले. १८५५ मध्ये इंग्लंडने किरकोळ चोरीचे खटले, आरोपीची संमती असेल तर, स्थानिक मॅजिस्ट्रेटपुढे ज्युरीशिवाय चालवायची सोय केली. मोठी चोरी कबूल करणाऱ्यांनाही हा रस्ता मिळाला.

अमेरिकेत फेलनी हा शब्द आजही चालतो, आणि चोरी फेलनी ठरते ती बहुतेक वेळा मालाच्या किमतीवरून. मात्र घासाघीस आता ज्युरीच्या खोलीत होत नाही. ती सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यात होते: गुन्हा कबूल करा, आरोप सौम्य करू. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवलं की राज्यांतल्या दोषसिद्धींपैकी सुमारे ९४ टक्के कबुलीवरच होतात.

आणि आपल्याकडे? १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीच्या शिक्षेला किमतीची अशी रेषा नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, दोषी पहिल्यांदाच ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली. असं असेल तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तरतूद चांगलीच आहे. पण दोन वर्षं वापरलेल्या मोबाईलची किंमत कोणती धरायची, बिलावरची की आजची? ओल्ड बेलीचा इतिहास आपल्याला सांगतो, की हा आकडा कोण लिहितं आणि कुणासाठी लिहितं, याकडे लक्ष ठेवायला हवं.