तटाबाहेरचे लोक

प्वेर्तो रिकोच्या जुन्या सान हुआन शहरात जायचं तर खाडीकाठच्या पायवाटेनं, लाल रंगाच्या सान हुआन दरवाजातून आत शिरावं. तटाला असे सहा दरवाजे होते. स्पेनहून आलेला गव्हर्नर किंवा बिशप इथेच उतरायचा आणि चढ चढून थेट कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला जायचा. कोकणातल्या किल्ल्यांवर चुन्याच्या दुरुस्त्या करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे दरवाजाखाली थांबून मी आधी भिंतीची जाडी बघितली. दोन समांतर भिंती आणि मध्ये वाळूची भर. पायाशी रुंदी काही ठिकाणी वीस फुटांच्या आसपास जाते.

एवढी भिंत घालायची गरज पडली ती अनुभवातून. समुद्राच्या तोंडावरच्या एल मोरो किल्ल्याचं काम १५३९ मध्ये सुरू झालं होतं. १५९५ मध्ये त्याच्या तोफांनी इंग्रज फ्रान्सिस ड्रेकला परतवलंही. पण तीनच वर्षांनी अर्ल ऑफ कंबरलंड पूर्वेकडे उतरला, जमिनीवरून चालत आला आणि त्यानं किल्ला घेतला. त्याला हटवलं ते हगवणीनं. त्याची शेकडो माणसं तिनं मारली. १६२५ मध्ये डच आले. एल मोरो त्यांना घेता आला नाही, म्हणून जाताना त्यांनी शहर जाळलं. त्यानंतरच्या दशकात तटाचं काम सुरू झालं.

पैसा आला मेक्सिकोच्या चांदीतून. बेटाचं उत्पन्न सैन्याला पुरत नसे, म्हणून मेक्सिकोच्या खजिन्यातून ठरावीक रक्कम जहाजानं यायची. कधी उशिरा, कधी यायचीच नाही. १७६२ मध्ये हवाना इंग्रजांच्या हाती पडलं तेव्हा स्पेनचा राजा खडबडून जागा झाला. १७६५ मध्ये त्यानं धाडलेला आलेहांद्रो ओरेली पाहणीला आला आणि टॉमस ओडेली या इंजिनिअरच्या हाताखाली जमिनीच्या बाजूचा सान क्रिस्तोबाल किल्ला अवाढव्य वाढला. दोघेही जन्मानं आयरिश. दगड मात्र वाहिले कैद्यांनी आणि गुलामांनी. दगड वाहण्याच्या त्या वाटांवरून मी चालले तेव्हा माझ्या मनात त्यांचेच खांदे होते.

या सगळ्या खटाटोपाची परीक्षा १७९७ च्या एप्रिलमध्ये झाली. त्रिनिदाद नुकतंच जिंकलेला इंग्रजांचा सेनापती राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी हजारो सैनिक घेऊन पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरला. (याचाच धाकटा भाऊ रॉबर्ट काही वर्षांपूर्वी मुंबईचा गव्हर्नर होता, १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात त्याची फौज मराठ्यांच्या बाजूनं होती.) दोन आठवड्यांत अ‍ॅबरक्रॉम्बीला माघार घ्यावी लागली. दरवाजाजवळच्या चौकात १९७१ मध्ये बसवलेलं एक शिल्प आहे: बिशप आणि मशाली धरलेल्या बायका. त्या मशालींची मिरवणूक म्हणजे कुमक आली असं वाटून इंग्रज पळाले, अशी आख्यायिका. शिल्प सुंदर आहे, पण माझं मन तिथे रमत नाही.

कारण इंग्रज उतरले तो भाग, कांग्रेखोस, तटाबाहेर होता आणि तिथे मुक्त कृष्णवर्णीय राहत होते. १६६४ मध्ये स्पेनच्या राजानं हुकूम काढला होता: परक्या सत्तांच्या बेटांवरून पळून आलेला गुलाम कॅथलिक झाला तर तो मुक्त. प्रतिस्पर्ध्यांना कमकुवत करण्याचा हा डाव होता, दयेचा नव्हे. या बेटावरच्या स्वतःच्या गुलामांना स्पेननं १८७३ पर्यंत मोकळं केलं नाही. पण त्या हुकमानं एक गाव उभं राहिलं, आणि १७९७ मध्ये त्याच गावाच्या मिलिशियातली माणसं इंग्रजांशी लढली. इंग्रज जिंकले असते तर त्यांच्या वाट्याला काय आलं असतं, हे त्यांना शहरातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. सान हुआनच्या बचावाचं श्रेय वाटायचं झालं तर मी आधी त्यांना देईन, मग भिंतीला.

पूर्वेकडचा तट शहरानंच १८९७ मध्ये पाडायला घेतला. आत जागा उरली नव्हती. पुढच्याच मे महिन्यात अमेरिकेच्या आरमारानं शहरावर तोफा डागल्या, आणि त्याच वर्षी बेट त्यांचं झालं. वाढतं शहर कांग्रेखोसवर पसरलं. तोपर्यंत कांग्रेखोसचं नाव बदलून सान्तुर्से झालं होतं, एका धनाढ्य स्पॅनिश काउंटच्या पदवीवरून. सान मातेओ दे कांग्रेखोस या तिथल्या चर्चनं मात्र जुनं नाव ठेवलं आहे. तटावरची सगळी पाहणी झाल्यावर मी तिकडे गेले. तुम्हीही जा.