एका सौम्य रोगाचा इतिहास

वऱ्हाडांत ज्या रोगांची आठवण राहिली, ती त्यांच्या क्रौर्यामुळें राहिली. पटकी, प्लेग, १९१८ सालचा इन्फ्लुएंझा यांनीं घरेंच्या घरें ओस पाडलीं. देवीच्या रोगास तर लोकांनीं देवतेचेंच पद दिलें. परंतु ज्या रोगानें कोणास चार दिवसहि अंथरुणास खिळविलें नाहीं, त्याची बखर कोण लिहिणार? रुबेला, किंवा ज्यास जर्मन गोवर म्हणतात, तो रोग ह्याच वर्गांतला. अंगावर दोन-तीन दिवस गुलाबी पुरळ, थोडा ताप, कानामागें व मानेवर सुजलेल्या गांठी, आणि मग सर्व शांत. कित्येकांच्या अंगीं तर एवढेंहि चिन्ह उमटत नाहीं. अमरावती-अकोल्याच्या कडक उन्हाळ्यांत असें पुरळ उठलें तर तें उष्णतेचें समजून विसरलें जावें, हें स्वाभाविकच होय. ह्या विसराची किंमत काय पडली, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अठराव्या शतकांत जर्मन वैद्यांनीं ह्या रोगाचें वर्णन केलें, म्हणून तो 'जर्मन' झाला. त्यास आज रूढ असलेलें नांव मात्र आपल्या देशांतील एका साथीवरून मिळालें. हेन्री व्हील नांवाच्या इंग्रज तोफखान्याच्या शल्यवैद्यानें हिंदुस्थानांतील मुलांच्या एका निवासी शाळेंत आलेल्या साथीचा वृत्तांत १८६६ सालीं प्रसिद्ध केला, आणि जर्मन नांव उच्चारास अवघड म्हणून 'रुबेला' हा लॅटिन शब्द सुचविला. त्याचा अर्थ 'लहानशी तांबडी'. पुढें १८८१ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेनें हा गोवराहून निराळा रोग आहे असें मान्य केलें. अशा रीतीनें नांव ठरलें, कुळी ठरली, आणि वैद्यांचें कुतूहल तेथेंच संपलें. जो रोग मारीत नाहीं त्याच्याविषयीं अधिक विचारावयाचें तें काय?

हा प्रश्न साठ वर्षांनीं सिडनी येथील एका नेत्रवैद्यास पडला. १९४० सालीं ऑस्ट्रेलियांत रुबेलाची मोठी साथ होऊन गेली होती. त्यानंतर नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग यांच्यापुढें जन्मतःच मोतीबिंदू असलेलीं तान्हीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं; पुष्कळांच्या हृदयांतहि दोष होता. ग्रेग यांनीं मुलांच्या डोळ्यांबरोबर त्यांच्या मातांच्या बोलण्याकडेहि लक्ष दिलें. १९४१ सालीं त्यांनीं ७८ मुलांची हकीकत सादर केली. त्यांपैकीं ६८ जणांच्या मातांस गरोदरपणीं, आणि बहुतेकींस पहिल्या एक-दोन महिन्यांतच, रुबेला होऊन गेला होता. गर्भाचे डोळे, कान व हृदय घडत असतांना हा विषाणु वारेंतून गर्भांत शिरतो, आणि आईस केवळ पुरळ आणणारा रोग बालकास आंधळें, बहिरें किंवा हृद्रोगी करून जातो. पंडितांनीं हें सहजासहजीं मानलें नाहीं. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें १९४४ मध्येंहि ग्रेग यांचा सिद्धांत सिद्ध झाला नसल्याचा अभिप्राय दिला.

ह्यानंतर जें घडलें तें इतिहासाच्या अभ्यासकानें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लँकेस्टर नांवाच्या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञानें जुन्या जनगणनांचीं कोष्टकें उघडलीं. १९११ च्या गणनेंत १० ते १४ वर्षांच्या वयांत बहिऱ्यांची संख्या अवाजवी फुगलेली; १९२१ मध्यें तोच फुगवटा २० ते २४ वर्षांच्या वयांत! हीं मुलें १८९९ च्या सुमारास जन्मलेलीं, आणि तेव्हां तेथें रुबेलाची साथ होती. पुरावा चाळीस वर्षें छापून पडला होता. त्यास प्रश्न विचारणारा कोणी नव्हता.

आमच्याकडेहि १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत आंधळे व मुके-बहिरे यांचे रकाने असत, आणि त्यांत वऱ्हाडचेहि आंकडे आहेत. त्या रकान्यांत कारण लिहिण्याची सोय नव्हती. तें कारण समाजानें आपल्यापरी भरून काढलें: कोणी ग्रहणाचें नांव घेतलें, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचें. ग्रहणांत विळी हातीं धरली काय, ह्याचा जाब गरोदर स्त्रीस विचारला गेला. घरांतल्या पोराच्या अंगावर महिन्यांपूर्वीं काय उठलें होतें, हें कोणींच विचारलें नाहीं. आजार विसरला गेला आणि दोष तेवढा आईच्या कपाळीं राहिला.

विषाणु १९६२ सालीं अमेरिकेंत हातीं लागला. १९६४-६५ च्या साथीनें त्या एका देशांत सुमारें २०,००० बालकें जन्मतः सदोष झालीं, आणि १९६९ मध्यें लस बाजारांत आली. येथें सुशिक्षित वाचकानें थोडें थांबावें. लस उपलब्ध झाल्यावर 'आपल्या मुलांस टोचून घेतली, म्हणजे आपलें कर्तव्य झालें' असें वाटणें साहजिक आहे. ग्रीस देशाचा अनुभव निराळें सांगतो. तेथें सुमारें १९७५ पासून ही लस दिली जाऊं लागली, परंतु कित्येक वर्षें निम्म्या मुलांपर्यंतहि ती पोंचली नाहीं. तेवढ्यानें रोगाचा संचार मंदावला. मात्र ज्या मुली लसीवांचून राहिल्या, त्यांस तो लहानपणीं न गांठतां तरुणपणीं, म्हणजे संसाराच्या आरंभीं, गांठूं लागला. १९९३ च्या साथीनंतर तेथें २५ सदोष बालकें जन्मलीं. अर्धवट लसीकरण हें लसीकरण मुळींच नसण्याहून वाईट ठरूं शकतें, तें असें.

अमरावती-अकोल्यांतहि अनेक वर्षें ही लस खासगी दवाखान्यांत, ऐपत असलेल्यांच्या मुलांस मिळे. मेळघाटच्या पाड्यावरील किंवा पातूरकडील शेतमजुराच्या मुलीस ती सरकारी यादींत नव्हती. महाराष्ट्रांत २७ नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर २०१८ रोजीं, म्हणजे जगांत लस आल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनीं, ९ महिने ते १५ वर्षांखालील सर्व मुलांस गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम सुरू झाली, आणि ही लस आपल्या पुण्यांतच तयार होते. आतां ती नवव्या महिन्यानंतर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. ती गरोदरपणीं देत नाहींत. म्हणून मुलीचें लसीकरण विवाहापूर्वींच पुरें झालें आहे कीं नाहीं, हें प्रत्येक घरानें पाहावें.

रुबेलावर औषध नाहीं; एकदां गर्भ बाधित झाल्यावर वैद्याच्या हातीं फार थोडें उरतें. जें काय करावयाचें तें आधीं, आणि सर्वांनीं मिळून. आपल्या घरीं जन्मणाऱ्या बालकाचे डोळे शेजारच्या वस्तींतील अनोळखी पोराच्या दंडावरील एका टोचणीवर अवलंबून आहेत, हें ज्या दिवशीं आमच्या मध्यमवर्गास मनापासून पटेल, त्या दिवशीं ह्या सौम्य रोगाचा इतिहास खरोखर इतिहास होईल.